उन्हात वाळवलेली गाणी

आमच्या घरात पोथीखेरीज दुसरं जाड पुस्तक एकच होतं, आणि त्यात वाचायला काही नव्हतं. पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, आत पानांच्या जागी खाकी कागदाच्या पिशव्या आणि पिशवीपिशवीत एकेक तबकडी. त्याला आल्बम म्हणतात असं बाबांनी सांगितलं होतं. आई त्याला गाण्यांचं पुस्तक म्हणायची, आणि आईने एकदा नाव ठेवलं की मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत ते बदलायची कुणाची टाप नव्हती. आता माझी नातवंडं फोनच्या काचेवर बोट घासून आल्बम ऐकतात. अर्धं गाणं झालं की पुढचं लावतात. मी काही बोलत नाही; बोललं की आजी सुरू झाली म्हणतात.

बाबा बोटीवर होते. मालाच्या आगबोटीत, इंजिनाच्या खोलीत त्यांचं काम. दीड-दोन वर्षांनी घरी यायचे, महिना-दोन महिने राहायचे, आणि घराला त्यांची सवय होते न होते तोच परत निघायचे. पन्नास सालानंतरच्या अशाच एका खेपेला, शिमग्याच्या सुमाराला, त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चावीचा फोनो आणि हे गाण्यांचं पुस्तक आणलं. स्वतः मात्र ते फोनोच्या अगदी तोंडाशी कान नेऊन बसायचे, कारण इंजिनाच्या धडधडीने त्यांचे कान अर्धेअधिक बधिर झाले होते. गाणं संपलं की "झकास!" म्हणायचे. गाणं संपलं हे त्यांना आईच्या हालचालीवरून कळायचं, असा माझा अजून संशय आहे.

तबकड्या सहा. एक भजनाची, एक सनईची, एक नाटकातल्या पदांची, एक लावणीची, एका तबकडीवर पोलीस आणि दारुड्याचा विनोदी संवाद, आणि सहावी पहाटेच्या गाण्याची. हे सहावं गाणं एका बाईचं होतं. सगळं घर निजलंय, ती एकटीच उठून अंगण सारवतेय, असं काहीतरी त्यात होतं. आईला ते जीव की प्राण होतं. का, ते मला मोठेपणी कळलं. नवरा समुद्रावर असलेल्या बाईची प्रत्येक पहाट तशीच असते.

ही गाणी मला ज्या चालीत पाठ आहेत ती चाल मुळात कुणा गवयाने बांधलेली नव्हती. ती आमच्या आईने आणि वैशाखाच्या उन्हाने मिळून बांधली. मी तेव्हा रांगत होते, म्हणजे हे सगळं ऐकीव. पण आमच्याकडे ऐकीव गोष्टी इतक्या वेळा सांगतात की त्या डोळ्यांनी बघितल्यासारख्या होतात. ही गोष्ट फक्त बाबा बोटीवर असतानाच सांगायची, एवढा एकच नियम होता.

बाबा चैत्रात परत गेले आणि वैशाखात आगोटीची कामं निघाली. पावसाचे चार महिने आमच्या किनाऱ्यावर ना मासे मिळायचे, ना मुंबईची आगबोट यायची. त्यामुळे घरात जे जे म्हणून होतं ते आधी उन्हात घालायचं आणि मग डब्यात, मडक्यात, माळ्यावर जपून ठेवायचं. सुके बांगडे, सोडे, आमसुलं, फणसाचे पापड, सांडगी मिरच्या, गोधड्या, उशा, देवाची वस्त्रंसुद्धा. गाण्यांच्या पुस्तकाला जुन्या बाजाराचा ओलसर वास येत होता. शेजारची बाई म्हणाली, पावसात ह्याला बुरशी धरणार. आईला ते पटलं. तिने सहाच्या सहा तबकड्या पिशव्यांतून काढल्या, फडक्याने पुसल्या आणि अंगणात चटईवर मांडल्या, एका बाजूला आमसुलं, दुसऱ्या बाजूला सोडे. कावळ्यांनी सोडे पळवू नयेत म्हणून माझ्या बहिणीला काठी देऊन राखणीला बसवलं. कावळ्यांनी थोडे सोडे नेलेच. तबकड्यांना त्यांनी तोंड लावलं नाही.

जेवणं आटोपून आई बाहेर आली तेव्हा तबकड्यांच्या कडा आंबोळीसारख्या वर आल्या होत्या. नवऱ्याने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, आणि ती आपण सोड्यांबरोबर वाळत घातली! ती रडली की नाही ते बहीण कधी सांगत नसे. एवढंच सांगायची की संध्याकाळी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर होड्या बांधणारा मेस्त आला. मेस्त म्हणजे सुतार. होडीची फळी बाकदार करायची तर ती तापवून, दगडांनी दाबून वळवतात, हा त्याचा रोजचा धंदा. त्याने तबकड्या हातात घेऊन डोळ्यासमोर धरल्या, एक डोळा मिटून त्यांचा बाक पाहिला आणि म्हणाला, "वयनी, भियां नको. फळी उनान वाकता, तशी सरळ पण उनानच करूची लागता." मग दोन रंधलेल्या फळ्यांच्या मधे एकेक तबकडी, ती फळ्यांसकट उन्हात, आणि मऊ पडली की सावलीत जाळ्याच्या दगडांखाली. आठवडाभर हा कारखाना चालला होता. शेवटी तबकड्या ताटासारख्या सपाट निघाल्या. आईने मेस्ताला जेवू घातलं आणि भजनाची तबकडी लावली. सूर जरा वर चढायचा, जरा खाली यायचा, पुन्हा वर चढायचा, होडीने लाट घ्यावी तसा. मेस्त म्हणाला, "बघा, आवाज उलट भरलो!" आईला हायसं वाटलं. आधी दोन-तीन महिनेच तर ऐकलेली गाणी. त्यातली मूळ चाल कशी होती ते त्या धाकधुकीत कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पुढच्या खेपेला बाबा आले, कान फोनोला लावून बसले आणि म्हणाले, "झकास!"

म्हणून माझ्या लेखी गाणं म्हणजे हेलकावा. सूर सरळ उभा राहतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लहानपणी मला मुदतीचा ताप आला. मी ओटीवर पडून असायची आणि आई भजनाची तबकडी लावून ठेवायची, तेव्हा तो वर-खाली होणारा सूर आणि माझा ताप एकमेकांत मिसळून जायचे. आजही अंगात कणकण असली की मला ते भजन ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं. कुणीतरी उशाशी बसलंय असं वाटतं.

सनईची तबकडी लग्नात जायची. वाजंत्री बोलवायची ऐपत नसलेली घरं वैशाखात आईकडे शब्द टाकायला यायची. मग फोनो गोधडीत गुंडाळून होडीत ठेवायचा, त्याच्याबरोबर आई नऊवारी नेसून आणि आम्ही दोघी परकर घालून, अशी आमची वरात खाडीपलीकडे निघायची. आम्हाला जेवणाचं आमंत्रण असायचं ते फोनोमुळे, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात काही कमीपणा वाटत नसे. एकदा ऐन अक्षतांच्या वेळी सुई मोडली आणि डबीत दुसरी नव्हती. नवऱ्यामुलाचा मामा धावत जाऊन करवंदीचे काटे घेऊन आला. काट्यावर सनई जरा दबकी वाजली, पण वाजली. त्या जोडप्याची पतवंडं आज खेळत असतील.

पोलीस आणि दारुड्याच्या संवादावर आम्ही दोघी बहिणी हसून हसून लोळायचो. त्यातला दारुडा झिंगलेला होताच, पण आमच्या तबकडीत पोलीसही झिंगलेला वाटायचा. तो दरडावायला लागला की त्याचाच आवाज झोकांड्या खायचा. पुढे सत्तर सालाच्या सुमाराला मी मुंबईला नोकरीला लागले तेव्हा एका ओळखीच्या घरी तीच तबकडी ऐकली. त्यातला पोलीस अगदी शुद्धीवर होता. कुणी हसलं नाही, मलाही हसू आलं नाही, आणि मी आईला पत्रात कळवलं की मुंबईचे पोलीस आपल्या पोलिसाइतके मजेशीर नाहीत. त्याच नोकरीच्या पगारातून मी पहिली मोठी एलपी घेतली, चकचकीत वेष्टनातली. ती मला आवडली, पुष्कळदा ऐकली. पण तिच्यावर माझ्या घरच्या कुणाचा हात फिरलेला नव्हता. ती दुकानातून जशी आली तशीच राहिली.

पण मला सांगायचंय ते सहाव्या तबकडीबद्दल आणि माझ्या बहिणीबद्दल. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही तिला बाय म्हणायचो.

आई पहाटे उठायची, चुलीत जाळ करायची, फोनोला चावी द्यायची आणि अंगणात उतरायची. आत गाणं लागलेलं आणि बाहेर शेणाचा सडा. बाय तिच्या मागोमाग उठायची आणि गाण्याबरोबर गायला लागायची. हळूहळू असं झालं की फोनोतली बाई कुठली आणि बाय कुठली ते कळेनासं झालं. मी गोधडीत डोळे मिटून पैज लावायची आणि हरायची. आईला गाता येत नव्हतं. तिचा आवाज पोह्यांच्या गिरणीसारखा होता, हे तीच सांगायची. पण बायच्या गळ्यातून ते गाणं यायला लागलं की ती झाडू हातात धरून तशीच उभी राहायची. मी तिला इतर कुठल्याही कामात थांबलेली पाहिलेली नाही.

एकदा आई आणि मी मावशीकडे म्हणून बांद्याला गेलो होतो. बाजारात एका हॉटेलवाल्याने भोंगा लावला होता आणि त्यावर आमचंच पहाटेचं गाणं लागलं. आम्ही दोघी भर रस्त्यात उभ्या राहून ऐकायला लागलो. गाणं सरळसोट चाललेलं. ना लाट, ना हेलकावा. आईने तोंड वाकडं केलं. "हेची तबकडी झिजान सपाट झालीहा," ती म्हणाली. मी म्हटलं, होय, काही मजाच नाही. आणि त्या हॉटेलवाल्याची कीव करत आम्ही चुरमुरे घेऊन पुढे गेलो.

बाय सातवी पास झाली तेव्हा बाबा रजेवर घरी होते. शाळेच्या निरोप समारंभात तिने पहाटेचं गाणं म्हटलं. आमच्या मास्तरांनी पाठ थोपटली आणि बाबांना म्हणाले, हिला गाणं शिकवा. झालं, आईने ते धरून ठेवलं. सावंतवाडीला बाबांची चुलत बहीण होती, आमची आत्या, आणि तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक गाण्याचे मास्तर मुलींना शिकवायचे. बाबांच्या डोक्यात मात्र बायसाठी आलेलं एक स्थळ घोळत होतं.

"चेडू गाणा शिकान काय करतला?" बाबा म्हणाले. "रांदप येता मा तेका?"

"रांदप सगळ्यांकाच येता," आई चुलीवरचं कालवण ढवळत म्हणाली. "एकदा मास्तरांका आयकवया. ते नाय म्हणाले तर माजा तोंड बंद."

आईचं तोंड बंद, ही गोष्ट बाबांना मोहात पाडणारी असावी. त्यांनी विचार केला आणि निकाल दिला. मास्तर हो म्हणाले तर बाय दोन वर्षं आत्याकडे राहणार. नाही म्हणाले तर तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न. "मगे रडूचा नाय," ते बायला म्हणाले. बायने मान हलवली. त्या रात्री ती माझ्या शेजारी निजली होती आणि तिचे हात बर्फासारखे गार होते. तिला गाणं किती हवं होतं ते तिने मला कधी शब्दांत सांगितलं नाही, पण त्या हातांवरून मला कळलं.

आम्ही चौघेही सावंतवाडीला गेलो. आई येणार म्हणून मीही. खाडी होडीने, मग धुळीने माखत एस्टीने. मास्तरांची खोली लाकडी खेळण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर होती. खाली कारागीर फिरत्या लाटण्यांवर लाखेचे रंग चढवत होते, आणि त्या गरम लाखेचा वास जिन्याने वर यायचा. मास्तर किरकोळ अंगाचे, पांढऱ्या टोपीतले. पेटीसमोर बसलेले. बाजूला दोन शिकणाऱ्या मुली.

"जे येतं ते म्हण," मास्तर म्हणाले.

बायने पहाटेचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीतच मास्तरांची बोटं पेटीवर थांबली. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. बाय गातच राहिली, डोळे मिटून, एकही हेलकावा न चुकवता. गाणं संपल्यावर मास्तर म्हणाले, "पुन्हा म्हण." तिने पुन्हा म्हटलं. मग मास्तरांनी मधूनच एक ओळ सांगितली, "इथपासून म्हण." तिने तीही म्हटली. आता त्या मुली उघड उघड हसत होत्या. बाबांना सूर कळत नव्हता, पण हसणं दिसत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कुणाकडे शिकलीस?" मास्तरांनी विचारलं.

"घराकडे."

"घरी कोण गातं?"

"कोण नाय. तबकडी आसा," बाय म्हणाली, आणि मग काहीतरी बिनसलंय हे कळून तिने आईकडे पाहिलं.

बाबा उठले. "चला," म्हणाले. "झाला आयकान."

आई उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बाबा उभे असताना बसलेली पाहिली. "मास्तर, चेडवाची चूक नाय," ती म्हणाली. "ती तबकडी मिया उनात घातलंय. सोलांवांगडा. वाकली. मगे मेस्तान सरळ केल्यान. आमका वाटला, झाली सरळ."

सोलांवांगडा म्हणजे आमसुलांबरोबर. मग बाबांचा आवाज आला. "माज्यो तबकड्यो? उनात?"

"सगळ्यो," आई म्हणाली. एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिने परक्या माणसांसमोर, नवऱ्याकडे न बघता सांगून टाकली. तिला बाबांची भीती वाटत नव्हती. आपल्या हाताने आपण पोरीचं गाणं वाकडं केलं, ह्याचीच तिला भीती वाटत होती.

मास्तर हसले नाहीत. खाली बोट दाखवून म्हणाले, "ही खाली खेळण्यांवर चढवतात तीच लाख तबकडीत असते हो वहिनी. ती उन्हात कशी टिकणार?" मग त्यांनी पेटी ओढली आणि पहाटेच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. तेच बांद्याच्या हॉटेलातलं गाणं, सरळ, न हलणारं. बाय ऐकत राहिली. "ह्या येगळा गाणा आसा," ती म्हणाली.

"नाही बाळ, मूळ गाणं हेच. आता तू म्हण असं."

बायने प्रयत्न केला. सूर सरळ निघाला आणि ठरलेल्या जागी वर चढला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चढला. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे भरून आले आणि सूर त्या पाण्यातच थांबला. मला वाटलं, संपलं. आता तुळशीचं लग्न आणि मग बायचं.

मास्तर बाबांना म्हणाले, "हेलकावा प्रत्येक वेळी त्याच जागी येतोय आणि तेवढाच येतोय. इतकं चुकीचं इतकं नेमकं उचलणारा कान मी बघितला नाही. ठेवा तिला. मात्र दोन गोष्टी. मी सांगेपर्यंत हे गाणं म्हणायचं नाही, आणि घरच्या त्या तबकड्या ऐकायच्या नाहीत."

बाबा शब्दाला पक्के. बायला आत्याकडे ठेवून आम्ही तिघे परत निघालो. कुडाळपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. कुडाळला चहा प्याले आणि म्हणाले, "सोलांवांगडा!" पुढे घर येईपर्यंत पुन्हा काही नाही. आईने खिडकीकडे तोंड करून पदर डोळ्यांना लावला होता. मला वाटलं रडतेय. जवळ सरकून पाहिलं तर हसत होती, रडतही होती.

बाय गेल्यावर घर नुसतं ओकंबोकं झालं. आई पहाटे फोनो लावायचीच, पण आता त्यात एकच बाई गायची. मी गोधडीत पडून ऐकायची आणि मला बायची फार आठवण यायची. मी एकदा तिच्यासारखं गाऊन पाहिलं. आई म्हणाली, तू माझ्यावर गेलीस. तिने ते प्रेमाने म्हटलं, तरी मी दिवसभर फुगून बसले होते.

पहाटेचा फोनो त्या दिवाळीला थांबला. तो का, ते सांगते.

बाय सुटीला आली. उंच झाली होती, केसांना रिबीन होती, आणि बोलताना मधूनच आत्याच्या घरचं "आहे, नाही" यायचं. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, अंघोळी झाल्या, तुळशीपाशी कारीट फोडून झालं, आम्ही फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, खायला बसलो. आईचा आनंद गगनात मावत नव्हता. तिने फोनो ओटीवर आणला. मास्तरांची अट ती विसरली होती की दिवाळीपुरती तिने ती बाजूला ठेवली होती, देव जाणे. लेक घरी आली की लेकीचं आवडतं करायचं, एवढंच तिच्या मनात असणार. तिने सहावी तबकडी लावली आणि बायच्या तोंडाकडे बघत बसली.

भाताच्या घासात खडा यावा तसं बायचं तोंड झालं. तिने ते लपवायचा प्रयत्न केला. दुसरी ओळ आली तेव्हा तिने डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला ती उठली, कळशी उचलली आणि पाणी भरलेलं असताना विहिरीवर गेली. आईने हात पुढे करून सुई उचलली. मला बायचा असा संताप आला! पाच-सहा महिन्यांत एवढी शहाणी झाली, की आईचं गाणं हिला टोचायला लागलं. मी विहिरीवर जाऊन तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "माका टोचता ता माज्या हातात नाय गो." तेव्हा मला ते निमित्त वाटलं. आता वाटत नाही.

दुपारी आईने तिला हाक मारली. आई फोनोसमोर मांडी घालून बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी.

"हडे ये. खंय चुकता ता माका दाखव."

"जावंदे गो आये."

"जावंदे कित्याक? तुका कळता, माका कळाक नको?"

बाय बसली. आईने चावी दिली. सूर चढला की बाय बोट वर करायची. आई कपाळाला आठ्या घालून ऐकायची आणि मान हलवायची, नाही, तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मग बायने सुई उचलून तीच ओळ सरळ म्हणून दाखवली, पुन्हा सुई टेकवली, पुन्हा म्हटली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी दाराशी बसून दोघींवर चिडत होते. चिडताचिडता माझ्या लक्षात आलं की आईचं काय चाललंय. पोर ज्या घरात गेली होती त्या घराचं दार ती ठोठावत होती. तिला आत यायचं होतं.

आणि एका ओळीला बायच्या आधी आईचं बोट वर गेलं.

"थंय! थंय मा?"

"होय, थंयच."

आईने पुढची ओळ ऐकली, बोट वर. त्याच्या पुढची ऐकली, बोट वर. मग तिने गाणं शेवटपर्यंत जाऊ दिलं आणि तिचं बोट जवळपास खाली आलंच नाही. सगळ्या गाण्यात एकही ओळ धड उरली नाही. तिने स्वतःच सुई उचलली, तबकडी खाकी पिशवीत घातली, पुस्तक मिटलं. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्याचा आनंद होता.

"आता माका पण आयकाक येता," ती म्हणाली.

बाय ढसाढसा रडायला लागली. आई गोंधळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडतंस कित्याक गो? बरोबर दाखवलंय मा मिया?"